सुधारित बियाणे आणि न वाचलेला नकार

साहित्याच्या प्राध्यापकाने आफ्रिकेतल्या मक्यागव्हावर लिहावे, हे काहींना अनाठायी वाटेल. मलाही काही काळापूर्वी तसेच वाटले असते. परंतु विकास आणि संस्कृती अशा काहीशा विषयावरच्या एका चर्चासत्राला मी श्रोता म्हणून बसलो होतो, आणि तेथे जे ऐकले ते अजून मनातून जात नाही. सकाळच्या सत्रात एका वक्त्याने आफ्रिकेतील अन्नप्रश्न मांडला. तेथे मक्याचे हेक्टरी उत्पादन सरासरी दोन टनांच्या आसपास रेंगाळते आणि जगाची सरासरी साडेपाच टनांच्या पुढे गेली आहे, असे आकडे त्यांनी दिले. आकडे बरोबर होते. कारणमीमांसा मात्र एका वाक्यात उरकली: तेथील अल्पभूधारक शेतकरी परंपरेला चिकटून बसतो, सुधारित बियाणे दारात नेऊन दिले तरी घेत नाही. सभागृहात माना डोलल्या. दुपारच्या सत्रात दुसऱ्या वक्त्याने हाच मुद्दा उलटा करून सांगितला. त्या शेतकऱ्याने संकरित बियाणे नाकारून आपली संस्कृती राखली, आपण त्याच्यापासून शिकले पाहिजे, असे ते म्हणाले. त्यांना टाळ्याही मिळाल्या. हा शेतकरी नकार देताना नेमके काय म्हणत होता, हा प्रश्न मात्र दोघांपैकी कोणालाही पडला नाही.

माझा आक्षेप या दोघांनाही आहे. एकाने नकाराला अडाणीपणा मानले, दुसऱ्याने व्रत मानले. वाचले कोणीच नाही. आणि न वाचता निष्कर्ष काढणे हा साहित्याच्या माणसाच्या लेखी साधा प्रमाद नव्हे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. मलावी हा आग्नेय आफ्रिकेतला, समुद्रकिनारा नसलेला छोटा देश. तेथील अल्पभूधारकाच्या शेतात सर्वांत जास्त जागा मक्याची, आणि ताटातही मकाच. ‘मका म्हणजे जीवन’ अशा अर्थाची म्हण तेथील चिचेवा भाषेत प्रचलित आहे. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे ‘न्सिमा’, हे तेथले जेवण. शेजारच्या तत्कालीन दक्षिण ऱ्होडेशियात १९६० साली ‘एसआर-५२’ हे संकरित वाण निघाले. मक्याच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. उत्पादनक्षमता विलक्षण होती. हे वाण आणि त्याच्या जातकुळीतली पुढची वाणे मलावीत आणली गेली, त्यांचा प्रचार झाला. तरीही पुढची जवळजवळ तीन दशके बहुसंख्य छोट्या शेतकऱ्यांनी आपला जुना मकाच पेरला. अहवालांतून त्याचे स्पष्टीकरण ठरलेले असे: शेतकऱ्यांची सनातनी वृत्ती, विस्तारकार्याची कमतरता, पतपुरवठ्याचा अभाव.

खरे कारण उखळात होते. या संकरित मक्याचा दाणा मऊ, पिठाळ आणि माथ्यावर खळगा पडलेला असे. मलावीतल्या बायका मका उखळात कांडून आधी कोंडा वेगळा करीत, मग उरलेल्या कण्या भिजवून, पुन्हा कांडून, शुभ्र पीठ करीत. या कामाला दाणा काचेसारखा टणक हवा. मऊ दाणा मुसळाखाली फुटतो, त्याचा भुगा कोंड्यातच मिसळतो, आणि घरात येणारे पीठ घटते. म्हणजे शेतात जे जास्त पिकले ते उखळात वाया गेले. शिवाय मऊ दाण्याला सोंडकिडे लवकर लागतात. ज्या घराला एप्रिलमधला मका पुढच्या वर्षीच्या सुगीपर्यंत कणगीत टिकवायचा आहे, त्याच्या दृष्टीने कापणीच्या दिवशीचे वजन हा हिशेबाचा आरंभ असतो, शेवट नव्हे. संशोधन केंद्राचा तराजू खळ्यावर थांबत होता आणि बाईचा तराजू फेब्रुवारीतल्या चुलीपाशी होता. दोघांचीही मोजमापे खरी होती. भूक दुसऱ्या तराजूवर मोजली जात होती, एवढेच.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मलावीच्या संशोधकांनी अखेर हा नकार ऐकला आणि मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राकडून मिळालेल्या टणक दाण्याच्या वाणांशी संकर करून १९९० साली ‘एमएच-१७’ आणि ‘एमएच-१८’ ही दोन संकरित वाणे प्रसारित केली. दाणा बराचसा टणक, उत्पन्न संकरिताचे. ज्या शेतकऱ्याला तीस वर्षे सनातनी म्हटले गेले, त्याने ती झपाट्याने उचलली. शेतकरी तोच, परंपरा तीच, उखळही तेच. बदलले होते बियाणे, आणि ते बदलण्याआधी कोणाची तरी ऐकण्याची सवय बदलली होती. अर्थशास्त्रज्ञ मेलिंडा स्मेल यांनी १९९५ साली मलावीच्या या लांबलेल्या हरितक्रांतीवर लेख लिहून ही गोष्ट अभ्यासकांपुढे ठेवली. परंतु आपल्या चर्चासत्रांतून शेतकऱ्याचा सनातनीपणा अजून सुखाने नांदतो आहे.

हा अपवाद असता तर मी लिहिलेही नसते. १९६०च्या दशकात अमेरिकेत असे लक्षात आले की मक्यातील एका विशिष्ट जनुकामुळे दाण्यातील प्रथिनांचा कस पुष्कळ वाढतो. मक्यावरच वाढणाऱ्या कुपोषित मुलांच्या दृष्टीने ही मोठी आशा होती. पण तो दाणा खडूसारखा मऊ होता, उत्पन्न कमी, कीड अधिक. शेतकऱ्यांनी तो नाकारला आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी नाद सोडला. मेक्सिकोच्या त्याच केंद्रात भारतीय शास्त्रज्ञ सुरिंदर वसल आणि मेक्सिकन जीवरसायनशास्त्रज्ञ एव्हांजेलिना विलेगास यांनी मात्र वर्षानुवर्षे खपून, प्रथिने कायम ठेवून दाणा टणक केला. त्याच कुळातले ‘ओबातान्पा’ हे वाण घानामध्ये १९९२ साली आले आणि रुजले. या दोघांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथेही शेतकऱ्याच्या नकारात एक अचूक सूचना होती: दाणा टणक करा. ज्यांनी ती सूचना म्हणून वाचली त्यांना उत्तर सापडले.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे ‘सीएसएच-१’ हे वाण आले. उत्पन्न वाढले, यात वाद नाही. पण भाकरीला चव नाही, कणसे लवकर तयार होऊन परतीच्या पावसात सापडतात आणि दाणा काळा पडतो, ताट ठेंगणे म्हणून कडबा कमी, अशा तक्रारी आपल्या घराघरांतून झाल्या. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत निकस माणसाला, निकस पिढीला शिवी म्हणून रूढ झाला. एका भाषेने एका बियाण्यावर लिहिलेला तो अभिप्रायच होता. आपल्या आजीची ही तक्रार आपण चोखंदळपणा मानतो आणि मलावीतल्या आजीची तीच तक्रार मागासपणा मानतो. हा फरक कोठून आला, याचे उत्तर वासाहतिक वाङ्मय शिकवणाऱ्यांना मी सांगायला नको.

आता दुपारच्या सत्रातल्या वक्त्यांकडे वळतो. त्यांचा मार्ग आपल्या वर्तुळात अधिक लोकप्रिय आहे, म्हणून अधिक धोक्याचा. त्यांच्या मते देशी बियाणे म्हणजे अस्मिता आणि संकरित बियाणे म्हणजे आक्रमण. मलावीत जुन्या मक्याला ‘चिमांगा चा माकोलो’, म्हणजे पूर्वजांचा मका, असे म्हणतात. नाव सुंदर आहे. पण मका हे आफ्रिकेचे मूळ पीकच नव्हे. ते अमेरिका खंडातले, कोलंबसानंतरच्या शतकांत समुद्रमार्गे आफ्रिकेत पोचलेले. आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी ते घेतले, निवडत निवडत आपल्या मातीला, पावसाला आणि उखळाला जुळवले, आणि काही पिढ्यांत त्याला पूर्वजांचे नाव दिले. जो समाज परके धान्य इतक्या आत्मविश्वासाने आपले करतो, त्याला बदलाचे भय वाटते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आणि एमएच-१८ मिळताच तो पेरणाऱ्या शेतकऱ्याने अस्मिता विकली असे म्हणायचे का? अस्मितेचे हे ओझे आपण शहरातले लोक त्याच्या डोक्यावर ठेवतो. त्याच्या लेखी प्रश्न एवढाच असतो, की हा मका माझ्या घरी पुरेल का.

‘पुरेल का’ या प्रश्नात बियाण्यापलीकडचे पुष्कळ येते. मलावीत जानेवारी-फेब्रुवारी हे उपासाचे महिने. कणगी रिकामी, नवा मका अजून शेतात हिरवा. नेमक्या याच दिवसांत शेतात खुरपणी हवी, खताचा हप्ता हवा. पण ज्याच्या घरात पीठ नाही तो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातो. तेथे या कामाला ‘गान्यु’ म्हणतात. आज खाण्यासाठी तो उद्याचे पीक तणाच्या स्वाधीन करतो. अशा माणसाला खुरपणीचे महत्त्व समजावणारी भित्तिपत्रके वाटणे ही क्रूर थट्टा आहे. त्यात खत बंदरातून शेकडो मैल रस्त्याने येणारे, म्हणून महाग. १९८० आणि १९९०च्या दशकांत रचनात्मक समायोजनाच्या नावाखाली खतावरचे अनुदान आटत गेले. मग १९९८ पासून दोन हंगाम प्रत्येक छोट्या शेतकरी कुटुंबाला बी आणि खताची लहानशी पिशवी मोफत दिली गेली. पुढे ती योजना कापण्यात आली. राखीव धान्यसाठा विकला गेला. कोणाच्या सल्ल्याने, हा वाद अजून चालू आहे. २००२ साली माणसे उपासमारीने मेली. तेव्हा बियाणे वाईट नव्हते आणि शेतकरी अडाणी नव्हता. जोखीम उचलणाऱ्या हातांनी ती खाली ठेवली होती.

२००५ साली पुन्हा पीक बुडाल्यावर अध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांच्या सरकारने देणगीदारांची नाराजी पत्करून खत आणि बियाण्यावर मोठे अनुदान सुरू केले. पुढच्या दोन हंगामांत मका इतका पिकला की २००७ साली मलावीने शेजाऱ्यांना धान्य विकले. पाऊसही चांगला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अनुदानाचा बोजा पुढे सरकारला पेलवेना, कुपनांच्या वाटपात गैरव्यवहार झाले, २०१६च्या दुष्काळात पुन्हा लाखो लोकांना मदतीवर जगावे लागले, हेही सांगितले पाहिजे. केवळ खताच्या पिशवीने खंगलेली माती सावरत नाही. अनुदान हा रामबाण उपाय असल्याचा माझा दावा नाही. दावा इतकाच आहे की ‘शेतकरी घेत नाही’ हे वाक्य दोन हंगामांत खोटे ठरले, कारण प्रथमच घेणे त्याच्या आवाक्यात आले.

झिम्बाब्वेची कथा याला दुजोरा देते. एसआर-५२ हे वाण गोऱ्या जमीनदारांच्या मोठ्या, भरपूर पावसाच्या शेतांसाठी केलेले होते. १९३०च्या दशकातल्या मका-नियंत्रण कायद्यांनी काळ्या शेतकऱ्याच्या मालाला बाजारातही दुय्यम जागा दिली होती. पुढे १९७०च्या दशकात कमी पावसात, लवकर येणारी ‘आर-२०१’सारखी वाणे निघाली आणि १९८० साली स्वातंत्र्य मिळाल्यावर सरकारने छोट्या शेतकऱ्यांच्या भागात कर्ज आणि धान्यखरेदीची केंद्रे नेली. काही वर्षांतच त्यांचे मक्याचे उत्पादन आणि विक्री प्रचंड वाढली. कालपर्यंत ज्याला शेती येत नाही असे म्हटले जात होते, तोच शेतकरी देशाला धान्य पुरवू लागला. १९९०च्या दशकात पाठबळ काढून घेताच गाडी पुन्हा घसरली.

‘पण भुकेल्या माणसाला उत्पादन हवे, तुमची ही वाचने नकोत,’ असा आक्षेप येईल. तो मला रास्त वाटतो आणि म्हणूनच गव्हाची गोष्ट सांगतो. इथिओपियाच्या पठारावर आपल्या खपली आणि बन्सी गव्हाच्या कुळातले गहू शतकानुशतके पिकत आले. १९२७ साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलॉव्ह तेथील वाणांचे वैविध्य पाहून थक्क झाला होता. नंतर ‘कुब्सा’सारखी जास्त उत्पन्नाची वाणे आली आणि विस्तीर्ण क्षेत्रावर पसरली. २०१० साली पिवळ्या तांबेऱ्याची साथ आली, त्यात कुब्सा बळी पडला. शेतकऱ्यांना प्रतिकारक म्हणून ‘दिगालू’ हे वाण देण्यात आले. दिगालू युगांडात १९९८ साली सापडलेल्या, जगाला धडकी भरवणाऱ्या ‘युजी-९९’ या खोडाच्या तांबेऱ्यालाही दाद देत नसे. शेतकऱ्यांनी ते उत्साहाने पेरले. २०१३-१४च्या हंगामात खोडाच्या तांबेऱ्याचा वेगळाच प्रकार आला आणि बाले, अर्सी भागांतली दिगालूची शेते उद्ध्वस्त झाली. शास्त्रज्ञांनी फसवले असे मी म्हणत नाही. त्यांनी तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे उत्तम तेच दिले. पण एकच एक वाण सर्वत्र पसरवणे म्हणजे सगळ्या घरांना एकच कुलूप लावणे. निरनिराळी वाणे थोडी थोडी पेरणारा छोटा शेतकरी आपल्याला अव्यवस्थित दिसतो. तांबेऱ्याच्या वर्षी तोच दूरदर्शी ठरतो. तेव्हा केवळ उत्पादनाचाच विचार केला तरी त्याच्या सावधपणाचा अर्थ लावणे क्रमप्राप्त आहे.

तसे वाचणारे लोक आहेत, हे नमूद केले नाही तर हा लेख अन्यायाचा होईल. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिता येथे भारतीय कीटकशास्त्रज्ञ झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही द्विदल वनस्पती आणि कडेने नेपियर गवत लावण्याची पद्धत बसवली. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचे पतंग दूर जातात, नेपियर त्यांना ओढून घेते. प्रयोग चालू असताना असे दिसले की डेस्मोडियममुळे स्ट्रायगाही दबतो. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या ज्या तणाला आपण टारफुला म्हणतो, त्याचाच हा आफ्रिकी भाऊबंद. तो मक्याचे शेत सुकवून टाकतो. यात श्रम बरेच लागतात, बियाणे सर्वत्र मिळत नाही, ही अडचण आहे. पण घरच्या गाईला चारा मिळतो म्हणून अनेक कुटुंबांनी ती पद्धत धरली. म्हणजे मक्याच्या सुधारणेची गुरुकिल्ली गोठ्यात सापडली. मलावीत सिग्लिंडे स्नॅप यांनी १९९०च्या दशकात ‘आई आणि बाळ’ नावाची चाचणीपद्धत आणली. गावात मध्यवर्ती ठिकाणी संशोधकांचा पूर्ण प्रयोग, ती आई. शेतकऱ्यांनी त्यातले आपल्याला हवे ते निवडून आपल्या शेतात आपल्या रीतीने करून पाहायचे, ती बाळे. निर्णय घेताना दोन्हींचे निष्कर्ष मोजायचे. पुढे दुष्काळ सोसणाऱ्या मक्याची निवड करताना आफ्रिकेच्या दक्षिण भागात ही पद्धत वापरली गेली. शेतकऱ्याचे मत येथे प्रस्तावनेपुरते न राहता निष्कर्षात आले.

याउलट २००६ साली दोन बलाढ्य अमेरिकन प्रतिष्ठानांनी ‘आफ्रिकेतील हरितक्रांती’ असे नाव देऊनच एक आघाडी उभी केली आणि २०२०पर्यंत कोट्यवधी शेतकरी कुटुंबांचे उत्पन्न दुप्पट करण्याचे लक्ष्य ठेवले. काही ठिकाणी उत्पादन वाढले, लक्ष्य मात्र गाठले गेले नाही. २०२२ साली संस्थेने आपल्या नावातून ‘हरितक्रांती’ हे शब्द गाळले. पंजाबचे कालवे, पंजाबची हमी खरेदी आणि पंजाबची सपाट ओलिताची शेती सोडून फक्त शीर्षक उचलले की असे होते. दुसऱ्याच्या कथेचे शीर्षक उसने घेता येते, कथानक घेता येत नाही.

हे सर्व आपल्यापासून दूरचे आहे, असे समजू नये. २०१६ साली पश्चिम आफ्रिकेत प्रथम नोंदली गेलेली अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्यावर उतरली. अळीला खंडांच्या सीमा ठाऊक नाहीत. आपल्या सहानुभूतीला मात्र त्या पक्क्या ठाऊक आहेत.

शेवटी आपल्या वर्गाकडे येतो. आपण विद्यार्थ्यांना शिकवतो की पात्राच्या मौनालाही अर्थ असतो, निवेदक सांगतो त्यावर लगेच विश्वास ठेवू नये, आणि कोण कोणाबद्दल बोलत आहे ते आधी पाहावे. मग अहवालातला निवेदक ‘शेतकरी घेत नाही’ असे म्हणतो तेव्हा आपली ही सारी शिस्त कोठे जाते? त्या वाक्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. काय घेत नाही? दाणा कसा आहे? तो कांडतो कोण? साठवायचा किती महिने? पीक बुडाले तर कर्ज कोण फेडणार? यांची उत्तरे मिळाल्याशिवाय ‘सुधारित’ हे विशेषण कोणत्याही बियाण्याला लावू नये. लावलेले दिसले तर ते कोणी लावले, हे विचारावे. मलावीतल्या बाईला हे विशेषण तीस वर्षे पटले नव्हते. तिने त्यावर निबंध लिहिला नाही. मूठभर दाणे उखळात घातले, मुसळ मारले, पीठ पाहिले आणि आपले मत दिले. ते मत तीस वर्षे आधी वाचले गेले असते, तर किती घरांतली किती फेब्रुवारी सुसह्य झाली असती, याचा हिशेब आता कोणीच देऊ शकणार नाही.